ठोके

पाकिटावर लिहिलेलं: नाजूक.
आत नखाएवढा तुकडा,
त्यावर पंचवीस नॅनोमीटरचा थर,
गॅलियम, आर्सेनिक आणि चिमूटभर मँगनीज.
चिमूट हा शब्द वडनेऱ्यांचा.
मी टक्क्यांत सांगितलं होतं.

रात्री साडेदहाला कॉलेज रोडवरचा सोडावाला
गाडीवर ताडपत्री ओढतो,
तेव्हा आम्ही थर गार करायला घेतो.
दिवसा बस गेली की टेबल शहारतं.
नायट्रोजन सातपूरहून येतो
वडनेऱ्यांच्या मांडीला मांडी लावून, रिक्षात,
झाकणातून वाफा सोडत.
गारठ्याचा हंडा म्हणतात ते त्याला.

एकशे दोन केल्व्हिन.
पडद्यावर डावीकडे काळं, उजवीकडे करडं.
काळ्यातल्या सगळ्यांच्या माना वर,
करड्यातल्या खाली.
मधे भिंत.
विटा नाहीत, कुणी बांधलीही नाही.
तिथला प्रत्येक अणू शेजाऱ्याहून
जरासाच जास्त कललेला,
आणि त्या जराशा-जराशानं
पलीकडे पोचेतो वरचं खाली झालेलं.
भिंत सरकते तेव्हाही
जागचं कुणी हलत नाही.
वळायची पाळी तेवढी
पुढच्यावर जाते.

मी विजेचा एक ठोका पाठवते,
दहा मायक्रोसेकंदांचा.
काही नाही.
परत.
चाळीस झाले.
थरात कुठेतरी एखादा अणू
भलत्याच घरात शिरून बसला असणार,
तिथं भिंत खिळ्याला पदर अडकावा तशी अडकलीय,
बाकीची फुगून पुढे आलेली.

जोर वाढवू?
वडनेरे म्हणाले, नका.
तांबट गल्लीत त्यांचे वडील हंडे घडवायचे.
एका ठोक्यात खोलगट होतं
त्याला भांडं म्हणत नाहीत, पोचा म्हणतात.
हलक्या हातानं, एकसारखं.
तांबं हट्टाला पेटलं की हात थांबवायचा,
भट्टीत धरायचं,
लाली चढली की परत.
हे सांगताना त्यांचा अंगठा
टेबलाच्या कडेवर चालूच होता.

मी दोन केल्व्हिन वाढवते.
आमची भट्टी: शून्याखाली एकशे एकोणसत्तर अंश.
एकसष्ट. बासष्ट.
पुढे आकडे संगणकानं मोजले,
मी थर्मासमधला चहा ओतत होते,
आणि दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत
कुणी काही करत नसताना
भिंत सुटली.
दगडावर चिकटलेलं ओलं धोतर सोडवावं तशी,
आधी एक टोक,
मग पोट,
मग सगळीच.

आणि निघाली उलटी.
प्रवाह डावीकडून उजवीकडे,
ही उजवीकडून डावीकडे.
वायर उलटी लागली का हो, मॅडम?
त्यांनी बॅटरी घेतली, टेबलाखाली शिरले,
लाल धरून पार पेटीपर्यंत गेले,
काळी धरून परत आले.
बरोबर आहे, म्हणाले,
जरा नाराजीनंच.

मी वाचलं होतं हे.
या थरात वीज वाहतात त्या पोकळ्या,
मँगनीजशी त्यांचं नातं आडवं,
म्हणून भिंत त्यांच्या वाटेनं जात नाही,
समोरून येते.
तीन वर्षं वाचत होते.
तरी चहाचा कप हातात तसाच राहिला,
वर साय धरेपर्यंत.

पहाटे तीनला वहीत लिहिलं: साडेसहा मायक्रोमीटर.
म्हणजे किती?
मी चिमूट उघडून दाखवायला गेले.
तेवढी कमी उघडताच येईना.
केसाची जाडी घ्या, म्हटलं,
तिचे दहा-बारा भाग करा, त्यातला एक.
वडनेऱ्यांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला.
केस घेऊच, म्हणाले, उरले असतील तर.

मग हंड्यापाशी उकिडवे बसले,
बोटाच्या पेरानं वरून खाली वाजवत आले,
ठण, ठण, ठण,
एका जागी आवाज बसका झाला.
कान तिथंच ठेवून म्हणाले,
अजून दीड रात्रीचा आहे.